तेराव्याचं जेवण
तव्यावर सोया सॉस करपल्याचा वास आला की मला अमेरिकेतल्या क्युपर्टिनोतला तो लहानसा इझाकाया, म्हणजे जपानी खाण्यापिण्याचा अड्डा, आठवतो. लाँड्रीच्या शेजारी होता, आणि ऑफिसातून दमून आलेली माणसं तिथे मुकाट्याने बिअर पीत बसलेली असायची. माझ्या नागपूरच्या रूममेटचे वडील गेले, तेव्हा त्याचा व्हिसा ट्रान्सफर अडकला होता. आत्ता गेलात तर परत येणं कठीण, असं वकिलाने सांगितलं आणि तो गेला नाही. तेराव्याला ऑफिस सुटल्यावर मी त्याला तिथे नेलं, कारण घरी कुकर लावायचंही त्राण दोघांत नव्हतं. मालकीणबाईंनी हात पुसायला गरम टॉवेल दिले. त्याने आपला टॉवेल उलगडून तोंडावर दाबला आणि तसाच धरून ठेवला. "तिकडे उजाडलं असेल यार," तो आतूनच म्हणाला, "काकू, मावशी सगळ्या स्वयंपाकाला लागल्या असतील." मी भात आणि भाजलेली वांगी मागवली. चार घास खाऊन तो भिंतीला डोकं टेकून बसल्याबसल्याच झोपला, तेव्हा बाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. गेल्या वर्षी माझे वडील गेले आणि पहिला फोन त्याचाच आला. "तू निघ," तो म्हणाला, "इकडचं मी बघतो."