व्हिएन्नाहून आल्यावर जमा न झालेला पासपोर्ट

व्हिएन्नाच्या राजवाड्यात सगळेच मान वर करून बघत होते, पण गुणवंतरावांची मान काही केल्या खाली येईना. दुबईच्या एका कंपनीत अकरा वर्षं फॉल्स सीलिंगची एस्टिमेट्स काढलेला माणूस तो. त्याला राजवाडा दाखवा नाहीतर चाळ, तो छतच बघणार. प्लॅस्टरची ती वेलबुट्टी हातानं करायला किती कारागीर आणि किती महिने लागले असतील, याचा अंदाज बांधेपर्यंत गाइडबाई लाल छत्री उंचावून तीन दालनं पुढे गेली होती.

खरं तर ही सहल व्हायलाच नको होती. २००८च्या उन्हाळ्यात टार्गेट गाठल्याचं बक्षीस म्हणून साहेबांनी ती जाहीर केली, पैसेही भरले, आणि मग मंदी आली. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. सहल रद्द केली तर भरलेलं सगळं बुडणार होतं, म्हणून फेब्रुवारीत नऊजणांना विमानात बसवलं. परत आल्यावर नऊतले चारच नोकरीत राहणार, हे चढण्याआधीच सगळ्यांना कळलं होतं. असलं बक्षीस शत्रूलाही मिळू नये.

त्यामुळे व्हिएन्ना कोणी पाहिलीच नाही. सगळे साहेबांचं तोंड पाहत होते. बसमध्ये साहेबांशेजारची जागा राजन पटकावी, त्यांची बॅग सुजीत उचली. गुणवंतरावांना असलं काही कधी जमलं नाही. बायकोनं, विभावरीनं दिलेल्या दशम्या ते खोलीत एकट्यानं खात. संगीताच्या कार्यक्रमात त्यांना चक्क झोप लागली. सकाळी फोनवर लेकीनं, इरानं विचारलं, "बाबा, इज इट स्नोइंग?" तेव्हा ते उठून खिडकीशी गेले. बर्फ दोन दिवसांपासून पडत होता.

परतल्यावर रविवारी, म्हणजे तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिस उघडलं. त्यांच्या कंपनीत सगळ्यांचे पासपोर्ट एचआरच्या सुरैय्याच्या कपाटात असत. गावी जाताना सही करून न्यायचे, आल्यावर निमूट जमा करायचे, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. रांगेत सर्वांत पुढे गुणवंतराव उभे राहिले. सुरैय्यानं हातातली यादी पाहिली आणि मान वर न करता म्हणाली, "ये अभी आप अपने पास ही रखिए, गुणवंतजी."

गुणवंतरावांना भरून आलं. अकरा वर्षांनी का होईना, कंपनीनं विश्वास टाकला. काचेच्या दाराबाहेर येऊन त्यांनी शारजाला घरी फोन लावला आणि विभावरीला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच.

 तिनं विचारलं, "बाकीच्यांचे घेतले का हो?"

त्यांनी वळून काचेतून पाहिलं. रांग संपली होती. राजन आणि सुजीत रजिस्टरवर सही करून हसतमुखानं आपापल्या टेबलाकडे निघाले होते. सुरैय्या जमा झालेले पासपोर्ट कपाटात ठेवायला उठली. गुणवंतरावांनी ते मोजले.

"चार," ते म्हणाले.

"जे कामावर ठेवायचेत, त्यांचेच घेतले असतील," विभावरी म्हणाली. "तुम्ही घरी या."