नळाला पाणी आलं तेव्हा

त्या दिवशी दवाखान्यात मी होते, माझा लेक, सून आणि तो मेंदूचं ऑपरेशन करणारा डॉक्टर. माझं तोंड वाकडं, उजवा हात लुळा. सून म्हणाली, "आत्ताच झालंय, डॉक्टर!" उशीर सांगितला तर परत पाठवतील, असं तिला वाटलं.

डॉक्टर माझ्याजवळ वाकला. "आजी, नळाला पाणी आलं तेव्हा हात चालत होता?"

मी मान हलवली, नाय.

"तरी पाणी भरलंत?"

भरलं की. डाव्या हातानं पिंप भरलं. पाणी पहाटे पाचला येतं, आणि आता दुपार झाली होती. बदलापुरात पाणी सोडून मरायचं म्हणजे शेजारीण नावं ठेवणार.

"ताई," तो सुनेला हळूच म्हणाला, "तुम्ही सांगितलेली वेळ धरून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं असतं, तर डोक्यात रक्तस्राव झाला असता." मग त्यानं मांडीतून तार घालून डोक्यातली गुठळी काढली.

अजून मी तपासायला गेले की तो चष्मा पुसतो आणि नव्या पेशंटांना असलंच विचारतो, दूध आलं होतं का, भांडी झाली होती का. घड्याळ कोण बघतं, म्हणतो. असल्या प्रश्नांवरच त्याचा अभ्यास चाललाय. लुळ्या हातानं पाणी भरायचं माझं येडेपण पण त्यात घेतलंय म्हणे. शाळेनं मला कधी घेतलं नाय.

बाबांनो, कुणाचं तोंड वाकडं झालं तर लगेच न्या. आणि कधी झालं ते खरं सांगा.