मासळीच्या पेटीतलं इंटरफेरॉन

"सिस्टर, तुमचं औषध दगड झालं," असं म्हणत सुमनबाईंनी डोक्यावरची थर्माकोलची पेटी थेट माझ्या टेबलावर ठेवली. ओपीडीभर मासळीचा वास पसरला. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने लगेच विचारलं, "बाई, मरळ हाय का?"

तासाभरापूर्वीच मी त्यांना महिन्याची चार इंजेक्शनं देऊन रवाना केलं होतं.

सुमनबाई चिमूरकडच्या. तलावातली मासळी आठवडी बाजारात विकायच्या. जुन्या एका ऑपरेशनमध्ये चढवलेल्या रक्तातून त्यांना हिपॅटायटिस सी झाला होता. हा विषाणू लिव्हर हळूहळू पोखरतो. तेव्हा आत्तासारखा नुसत्या गोळ्यांचा छोटा कोर्स नव्हता. इंटरफेरॉनचं इंजेक्शन दर आठवड्याला, जवळजवळ वर्षभर, आपल्याच हाताने आपल्याच पोटावर टोचायचं. सोबत गोळ्या. टोचलं की ताप, अंगदुखी. सुमनबाईंची अठ्ठावीस इंजेक्शनं झाली होती, एकोणतिसावं त्या दिवशी होतं. केस निम्मे गेले होते, पण बाजार एकही चुकला नव्हता.

पथ्यं त्या माझ्यापेक्षा कडक पाळायच्या. मासे कापायचा विळा वेगळा. हाताला काटा लागला की आधी पट्टी, मग गिऱ्हाईक. नवऱ्याने एकदा नखं कापायला त्यांचं ब्लेड घेतलं, तर दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

एकच गोष्ट मी शंभरदा बजावली होती. इंजेक्शन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं. तापलं तर वाया, गोठलं तरी वाया. घरी फ्रिज नाही, शेजारच्या गुरुजींच्या फ्रिजमध्ये ठेवते, असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं. आता पेटी उघडली तर बर्फात स्टीलचा डबा, आणि डब्यात माझी इंजेक्शनं!

"सुमनबाई, मासळीच्या पेटीत?"

"मंग? गुरुजीकडं लाइन राह्यत नाई. माह्याकडं बर्फ राह्यते."

दर महिन्याला त्या ही पेटी स्टँडवरच्या केळीवाल्याकडे ठेवून माझ्याकडे यायच्या. सात महिने मला पत्ता नव्हता.

मी पेटी डॉक्टरांसमोर नेली. त्यांनी आधी नाक धरलं, मग सिरिंज उजेडात धरली. आतलं औषध निम्मं गोठलेलं होतं.

"सिस्टर, मग अठ्ठावीस आठवडे यांनी टोचलं काय?"

अठ्ठावीस आठवड्यांचा ताप, गळलेले केस, सगळं फुकट? मी सुमनबाईंवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं.

"माह्या पेटीत नाई गोठलं. स्टँडवर डब्यात टाकाले खोकं उघडलं, तवाच दगड होतं. म्हणून तं बस सोडून आली."

माझा विश्वास बसला नाही. डॉक्टरांनी लॅबमधून थर्मामीटर मागवला. पेटीत तळाला बर्फ, त्यावर लाकडाचा भुसा, मग ओलं पोतं, मग डबा. दहा मिनिटांनी बघितलं. पाच डिग्री. आणखी दहा मिनिटांनी पुन्हा पाच.

"भुसा कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"साहेब, मासा गोठला का दगड होते, अन् रांधला का चिखल. गिऱ्हाईक तोंडावर फेकते. औषध तं त्याच्याहून नाजूक. सिस्टरनंच सांगतलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "चला, आता आपला फ्रिज बघू."

"सर, रजिस्टर आहे ना! रोज दोनदा चार डिग्री." मी ठणकावून सांगितलं.

रजिस्टरात खरंच सगळीकडे चार होतं, माझ्याच अक्षरात. फ्रिज उघडला. पुढे पाण्याच्या सहा बाटल्या. मागे बर्फाच्या भिंतीला चिकटलेली उरलेली इंजेक्शनं. थर्मामीटर उणे तीनवर गेला.

महिना मे, गाव चंद्रपूर. आदल्या दिवशी पाणी लवकर गार व्हावं म्हणून मीच नॉब सातवर फिरवला होता आणि विसरले होते. सकाळी सवयीने, न बघताच, चार लिहिलं होतं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पाणी गार झालं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात सुमनबाईच माझ्या बाजूने बोलल्या. "जाऊ द्या साहेब. सिस्टरले बी तहान लागते."

नशीब, मधल्या काळात दुसऱ्या कोणाला औषध दिलं नव्हतं. नागपूरहून नवीन इंजेक्शनं दुसऱ्या दिवशी आली. एका दिवसाचा उशीर चालण्यासारखा होता. सुमनबाई तोवर गावातल्या बहिणीकडे थांबल्या. आमचा फ्रिज बर्फ वितळवायला बंद होता, म्हणून ते सगळं औषध त्यांच्याच पेटीत ठेवलं. डॉक्टरांनी कौतुकाने झाकणाला हात लावला.

"काऊन उघडता? गार हवा जाते ना," सुमनबाईंनी दटावलं. डॉक्टरांनी हात मागे घेतला.

कोर्स संपला. सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही, म्हणजे आजार बरा झाला. मी रिपोर्ट वाचून दाखवला आणि मलाच रडू आलं. सुमनबाईंनी पदराने डोळे पुसले, मग पिशवीतून पळसाच्या पानांत गुंडाळलेली मरळ काढून माझ्या हातात दिली.

तोवर मी शहाणी झाले होते. थर्मामीटर बघितल्याशिवाय आकडा लिहीत नव्हते आणि फ्रिजमध्ये बाटली दिसली की ओरडत होते. हे मी सुमनबाईंना अभिमानाने सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातल्या मरळीकडे बघून म्हणाल्या, "तरी बी आजच रांधजा, सिस्टर. तुमच्या फ्रिजमंदी ठेवू नोका."