खिडकीतून पाव घेणारी मुलगी

मंडळी, सकाळी मी दुसऱ्यांवर चिडले होते. आता स्वतःवर चिडले आहे.

आज आमच्या पार्से गावात पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, नेहमीसारखा आला. शेजारच्या भाड्याच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि खिडकीच्या गजांतून पावासाठी एक चिमुकला हात बाहेर आला. आईबाप मोपाला बांधकामावर गेलेले. आत पाच वर्षांची पोर एकटी!

मी भडकले. "हा गुन्हा आहे. पोलिसांना फोन करते."

म्हातारा पोदेर शांतपणे म्हणाला, "कर गो बाय. पूण हांव सकाळी-सांजे हांगा भोंपू वाजयतां. सुनंदा ओ दिता, मगीरच फुडें वतां." म्हणजे आतून त्या पोरीची ओ ऐकल्याशिवाय तो पुढे जातच नव्हता.

संध्याकाळी तिची आई भेटली. "दार उघडं टाकायचं भ्या वाटतं ताई. आन् हितं आमचं कोण हाय?"

आग लागली तर पोर बाहेर कशी येणार, हे मी तिला समजावलं. उद्यापासून सुनंदा दिवसभर आमच्याकडे.

चूक आईबापांची आहेच. पण तुमच्या शेजारच्या कुलपाआड कोण आहे, ठाऊक आहे तुम्हाला? मला कायदा पाठ होता. भिंतीपलीकडच्या मुलीचं नाव मात्र पाववाल्याकडून कळलं.