फुकट प्रोग्रामचं विकतचं पुस्तक

हेमराजभाऊ फोन उचलून ‘हॅलो’ कधी म्हणत नसत. पहिला प्रश्न, “पुस्तक हाय का?” नाही म्हटलं की एक उसासा, आणि मग त्याच पुस्तकातलं पान ते फोनवर वाचून दाखवत.

राइस मिलच्या हिशेबाचा त्यांनी प्रोग्राम लिहिला होता. तो मुक्त होता. कोणीही घ्यावा, वाटावा, हवा तसा बदलावा. विकत होतं ते फक्त तो कसा चालवायचा हे सांगणारं पुस्तक. सानगडीचं त्यांचं घर त्यावरच चालायचं. तुमसरच्या आम्हा मिलवाल्यांना हे पटत नसे. माझ्या शेजारच्या मिलचे शेठ त्यांना तोंडावर म्हणाले, “वा रे भाऊ! तांदूळ फुकट अन् बारदान्याचे पैसे?”

“तांदूळ फुकटच हाय शेठ. शिजवाले शिकवतो, त्याचे पैसे.”

शेठ हसले. प्रोग्राम घेतला, पुस्तक घेतलं नाही.

मी घेतलं, ते बरं झालं. आमचे मुनीमजी ओल्या धानाच्या वजनातली ओलाव्याची कपात जुन्या सवयीनं मनातच करून वजन लिहीत. प्रोग्राम तीच कपात पुन्हा करी. पुस्तकात हे ठळक छापलं होतं, म्हणून आमच्याकडे वेळीच थांबलं. शेठकडे पुस्तक नव्हतं. तिथे शेतकऱ्याच्या धानाचं वजन दोनदा कापलं जात होतं आणि तिथल्या कोणाच्या लक्षातही येत नव्हतं.

मी हेमराजभाऊंना बोलावून विचारलं, “ही गोष्ट पुस्तकात कशाला? वजन कपातीआधीचं की नंतरचं, हे प्रोग्रामनंच का विचारू नये?”

“तसं करून ठेवलं हाय ताई. सारेच स्क्रीन सोपे केले. मागल्या हंगामापासून तयार हायेत.”

“मग देत का नाही?”

“देल्लं तं पुस्तक कोण घेईन? सोपं केलं तं माझं घर उपाशी, कठीण ठेवलं तं शेतकरी नागवला. तुमीच सांगा, कुठून निघू?”

मी म्हटलं, माझ्याकडे पगारावर या.

“मंग बाकीचे म्हणतीन, हा ताईचा माणूस. प्रोग्राम बी नाही घेत मंग.”

खरं होतं ते.

धान यायच्या आत त्यांनी नवे स्क्रीन सगळ्या मिलना देऊन टाकले. शेठची चूक हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात सुधारली. पुस्तक त्यानंतर कोणी मागितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते नागपूरला, विकतचे प्रोग्राम बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. जाताना मिलवर आले, चहा घेतला.

“आता या प्रोग्रामकडे कोण पाहणार?” मी विचारलं.

“कोनीबी पाहू शकते ताई. कोनाले मनाई नाही.” कप खाली ठेवत ते म्हणाले, “कंपनीनं लिहून घेतलं हाय, फक्त मी हात लावाचा नाही.”