अर्ध्यावर तुटणारी शीळ

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत. शिवून आलेला शर्ट खिडकीसमोर धरायचा, उलटा करायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा आणि टाका कुठे सुटलाय ते शोधायचं, हे तिचं काम. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर साधी राहत नाही. भाजीवालीचा तराजू तिला कधी सरळ दिसला नाही, शेजारणीचं हसू कधी खरं वाटलं नाही. कुणी उगाच गोड बोललं की ती मनातल्या मनात त्याला उलटं करून शिवण बघायची.

नवऱ्यात मात्र तिला आजवर काही सापडलं नव्हतं. तो जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. ग्रीसने काळे झालेले हात घेऊन घरी यायचा, समोर येईल ते जेवायचा, मोजकं बोलायचा. लेक लग्न होऊन गेल्यापासून तर घरात भांड्यांचाच काय तो आवाज. अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कुठून?

आणि एक दिवस दाढी करताना तो शीळ घालू लागला.

शीळ घालणं हा काही गुन्हा नव्हे. पण ते गाणं तिच्या ओळखीचं नव्हतं. कारखान्यात भिंतीवरचा रेडिओ सकाळी भोंग्याबरोबर सुरू व्हायचा तो सुटीपर्यंत. मालकाने एकच स्टेशन लावून त्याचं बटणच काढून नेलं होतं. तीच ती गाणी, तोच तो निवेदिकेचा लाडिक आवाज. शिवणाऱ्या बायका गाण्यांवर काम मोजायच्या, एका गाण्यात एक कॉलर. चेकरबाईला त्यातलं एकही गाणं आवडत नव्हतं, पण सगळी तोंडपाठ होती. घरी रेडिओ लावलाच तर तेच स्टेशन लागायचं. मग रेडिओवर नसलेलं गाणं या माणसाच्या तोंडी आलं कुठून?

त्यात ती शीळ एका ठरावीक जागी येऊन तुटायची. सूर वर चढायचा, आता पुढे काहीतरी छान येणार असं वाटायचं, आणि एकदम गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. आपली चाहूल लागली म्हणून हा थांबतो, असं तिने ठरवून टाकलं. कुठलं गाणं म्हणून तिने सहज विचारल्यासारखं विचारलंही. तो म्हणाला, असंच कानावर पडलं, आणि मान खाली घालून वस्तरा धूत बसला.

कारखान्यात तिच्या शेजारी काज-बटणवाली बसायची. तिचं मत तयारच होतं. या वयात पुरुष गायला लागला की कुणीतरी ऐकणारी असते, असं ती दातात दोरा धरून म्हणाली. ते चेकरबाईच्या डोक्यात घर करून बसलं. मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. बँकेमागच्या इमारतीची लिफ्ट हल्ली सारखी बिघडत होती. नवरा जायचा, नीट करून यायचा, आठवडा उलटत नाही तोच पुन्हा बंद. नीट घातलेली शिवण त्याच जागी पुन्हापुन्हा उसवत असेल तर ती आपोआप उसवत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिने धाकट्या बहिणीला फोन केला. कदाचित तुझ्याकडे राहायला येईन, किती दिवस ते विचारू नकोस, एवढंच सांगितलं. खरं निघालं तर या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे तिचं पक्कं झालं होतं. फोन ठेवल्यावर ती रडली. स्वतःचा रागही आला, कारण अजून काहीच सिद्ध झालं नव्हतं.

नवरा त्या इमारतीत जायचा होता त्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. दारात ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी लटकत होती. जिना लिफ्टच्या जाळीभोवती वळत वर जात होता. तिसऱ्या मजल्यावर ती दम खायला थांबली आणि वरून ते गाणं ऐकू आलं. बाईचा आवाज, सोबत गिटार.

तिथूनच मागे फिरावं असं तिला वाटलं. पण ती चढली. चौथ्या मजल्यावर, जिथून गाणं येत होतं त्या दारासमोर उभी राहिली. आत आवाज वर चढला, त्याच जागी तुटला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तिने दार वाजवायला हात उचलला.

तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं. तो कोरडा, दोन तुकड्यांतला खोकला तिने रोज सकाळी ऐकला होता. तिने वळून जाळीतून खाली पाहिलं. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकवून ठेवलेली होती, आणि तिच्या टपावर अंधारात नवरा बसला होता. हत्यारांची पिशवी मांडीवर, बॅटरी विझवलेली, डोळे मिटलेले.

तिला हायसं वाटलं आणि लगेच रागही आला. म्हातारे लोक जिने चढून मरताहेत आणि हा लिफ्ट बंद ठेवून गाणं ऐकतोय. शिवाय आपलं बोलणं ऐकताना या माणसाने कधी डोळे मिटले होते का?

खालून रखवालदाराने हाक मारली, झालं का म्हणून. नवरा दचकला, झालं झालं म्हणाला. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मोटर घरघरली आणि लिफ्ट त्याला टपावर घेऊन खाली गेली.

ती मात्र पायरीवर बसली. गाण्यात तिने सवयीने चूक शोधून पाहिली. मग शोधायची विसरली. आवाज पुन्हा चढला, त्या जागेशी आला, अडखळला, आणि या वेळी पुढे गेला. इतका साधा वळला की इतके दिवस हे का सुचलं नव्हतं असं वाटावं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही तस्साच.

थोड्या वेळाने दार उघडलं. कचऱ्याची पिशवी घेऊन, नर्सच्या गणवेशातली एक बाई बाहेर आली आणि पायरीवर अनोळखी बाई पाहून ओशाळली.

“आवाजाचा त्रास झाला का? रात्रपाळी असते, म्हणून दुपारीच बसते मी.”

“कुणाचं गाणं आहे?”

“माझंच. आज कुठे पूर्ण झालं.”

“कुणाला शिकवलंय?” चेकरबाईने शेवटचा टाका तपासून घेतला.

नर्स हसली. “शिकवते कसली. अजून कुणी ऐकलंसुद्धा नाही.”

खाली कुणी ऐकतं, हे चेकरबाईच्या ओठांवर आलं होतं. पण नवऱ्याची नोकरी गेली असती. चांगलं आहे, एवढंच ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी चांगलं म्हटल्याने स्वतःच चपापली.

संध्याकाळी नवरा मोरीत हात घासत शीळ घालत होता. सूर वर चढला आणि तुटला. तिने ओट्याकडे तोंड करून पुढचं गुणगुणलं.

मोरीतला हात घासायचा आवाज थांबला.

“हे तुला कुठून कळलं?”

“रेडिओवर लागलं होतं.”

“रेडिओवर नाही लागत ते.” बोलून गेल्यावर तो घुटमळला. मग इतक्या वर्षांच्या संसारात कधी विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं. “दुपारी कुठे होतीस तू?”

तिने गॅस बारीक केला आणि त्याच्याकडे वळली. “अहो, तुम्ही कुठे होतात ते आधी सांगा.”

तो ओले हात तसेच धरून उभा राहिला. संशय होता त्याच्या चेहऱ्यावर, पण त्याहून मोठं काहीतरी होतं, आणि ते त्याला आवरेना.

“सांगतो. आधी पुढचं एकदा म्हण.”

तिने म्हटलं. दोनदा सूर घसरला, तिला ते कळलंही. तरी ती थांबली नाही, तसंच पुढे जाऊ दिलं.