तुमचा मामा कामगार कसा झाला

रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, ताई शिकायला भारतात कशाला गेली, शारजातच सरकारचं स्टुडंट लोन घेऊन का नाही शिकली? तुमच्या न्यूझीलंडमध्ये ते सोपं असेल. मला नीट सांगायचं होतं, पण तेवढ्यात तुमचा पिझ्झा आला. म्हणून ही आजी लिहून पाठवते आहे. आई वाचून दाखवील.

तुमची ताई, माझ्या मुलाची, म्हणजे तुमच्या मामाची लेक, शारजात जन्मली, अल मजाजच्या याच इमारतीत वाढली. तरी ती इथली नाही. इथे 'लोकल' म्हणजे फक्त इमिराती. बाकी आपण सगळे व्हिसा आहे तोवरचे. तुमच्या मामाची नोकरी आहे तोपर्यंत हे घर आहे. त्यामुळे शिक्षणासाठी सरकारी मदत मिळते ती इथल्या नागरिकांना, आपल्याला नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. येतानाच हे आपल्याला माहीत होतं.

दुबईत खाजगी कॉलेजं भरपूर आहेत. मामा आणि मामी एका शनिवारी ती बघून आले. मामाने गाडीतच दिरहमचे रुपये करून ठेवले होते. घरात पाऊल टाकल्यावर तो आकडा मोठ्याने म्हणाला, तेव्हा मामी म्हणाली, "पुन्हा म्हणू नकोस, शेजारी ऐकतील."

मग महाराष्ट्राकडे वळलो. तिथे कळलं की दहावी-बारावी त्या राज्यात झालेली नसेल तर राज्याच्या जागा मिळणं कठीण. राहिल्या एनआरआयच्या जागा, त्यांची फी डॉलरमध्ये. ताईला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं होतं, दुसरं काहीही नको होतं. मामीने हळूच सुचवलं की बी.कॉम. घरबसल्या, पत्राद्वारे करता येईल. ताई म्हणाली, "इट्स ओके, मम्मा." ते ओके नव्हतं हे तिच्या आवाजावरून मलाही कळलं आणि मामीलाही.

मार्ग शेवटी तिनेच शोधला. भारतातल्या काही इंजिनिअरिंग कॉलेजांत आखाती देशांतल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी जागा राखलेल्या असतात. त्यांची फी आपल्याला झेपण्यासारखी होती. ताईने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. मामाने वाचलं आणि ताट पुढे ओढलं.

"हे आपल्यासाठी नाही. मी कामगार नाही. माझ्या हाताखाली कामगार आहेत."

"सो व्हॉट डू यू डू देअर, बाबा?"

"आय मॅनेज."

"काय मॅनेज करतोस?" मी विचारलं.

"वेअरहाऊस, आई. माहीत आहे तुला."

मामी आमटी वाढत होती. वर न बघता म्हणाली, "लग्न झाल्यापासून रोज याच खुर्चीत बसून सांगतोस, गाढवासारखा राबतो म्हणून. मला आपलं ते खरं वाटत होतं."

ताई हसली, मीही हसले. मामा हसला नाही. मी त्याची आई, शिवाय इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, म्हणून मी व्याकरणाची बाजू मांडली. वर्क करतो तो वर्कर, त्यात हुद्दा कुठेच येत नाही. "आणि रोज पहाटे उठून, ट्रॅफिकमध्ये अडकत जबल अलीला जातोस ते काय हवा खायला?"

"लोक काय म्हणतील?"

"विच लोक?" ताईने विचारलं.

मामाने खिशातलं पेन काढलं. अर्जावर त्याने सही केली, पण पेन असं आपटून ठेवलं की जणू आम्ही त्याची नोकरीच काढून घेतली होती.

आता त्याच्या कंपनीचं पत्र हवं होतं. तिथले एचआरचे साहेब इजिप्तचे, फार भले गृहस्थ. मामाने मेल केली, भारतीय कामगार म्हणून इथे काम करतो असं लिहून द्या. त्यांना वाटलं, याच्या लिहिण्यात चूक झाली. त्यांनी प्रेमाने सुधारून दिलं: हे आमचे वरिष्ठ अधिकारी आहेत, कामगार नाहीत. खाली ठळक शिक्का. कॉलेजने ते पत्र नाकारलं आणि कळवलं की दुसरं लवकर पाठवा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

ज्या शब्दावरून घरात भांडला, तोच मागायला मामाला दुसऱ्या दिवशी जावं लागलं. साहेबांशी झालेलं बोलणं त्याने घरी येऊन नक्कल करून दाखवलं, ते मी मराठीत देते.

"हबीबी, तुला कोणी काही बोललं का?"

"नाही. मला कामगार लिहा."

"लेबर कॅम्पात राहायला जायचंय?"

"नाही."

"मग पगार कमी करून हवाय?"

"नाही, नाही. पगार आहे तोच राहू दे. फक्त कामगार लिहा. मुलीच्या कॉलेजसाठी."

"मुलीसाठी? मग आधी सांगायचं ना." त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं, "यल्ला, खलास", म्हणजे चला, झालं, असं म्हणत शिक्का मारला आणि इजिप्तच्या मुलांसाठी असं काही असतं का याची चौकशी केली.

ताईला जागा मिळाली. मामा पेढे घेऊन वेअरहाऊसवर गेला. तिथे माल चढवणारे बरेचजण रत्नागिरीकडचे आहेत. त्यांच्यातल्या एका वयस्क माणसाने विचारलं, "साहेब, एनआरआय कोट्यातून काय?"

"नाही, कामगारांच्या," मामा म्हणाला.

सगळे हसले. एकजण म्हणाला, "मग उद्यापासून आमच्या बसनं या, साहेब. खिडकीची जागा तुमची."

तो वयस्क माणूस मात्र पेढा हातात धरून उभाच होता. "आमच्या पोरीला पण चालतं का हे? अकरावी सायन्सला आहे ती."

"अहो, मुळात तुमच्यासाठीच आहे ते," मामा म्हणाला. "आणि तुम्हाला पत्र एका फेरीत मिळेल. माझ्यासारखं भांडावं लागणार नाही."

त्या दिवशी मामा घरी उशिरा आला. त्या मुलीसाठी कॉलेजांची माहिती काढत बसला होता.